नेट नेमकं कुठे अडतंय? घरचं इंटरनेट पायरीपायरीने कसं तपासावं

"नेट स्लो चाललंय" या एका वाक्यामागे निदान पाच निरनिराळी कारणं असतात. फोन किंवा लॅपटॉप जुना झालेला असतो. वायफाय भिंतींत अडकलेलं असतं. कंपनीने दिलेला डबा तापलेला किंवा अर्धमेला असतो. खांबावरून आलेली फायबर कुठेतरी दबलेली असते. किंवा घरातलं सगळं ठणठणीत असतं आणि गर्दी पुढे कंपनीकडे झालेली असते. पडद्यावर मात्र पाचही वेळा तेच गोल फिरणारं चाक दिसतं, म्हणून आपण पाचही वेळा एकच उपाय करतो: राउटर बंद करून चालू करतो आणि तेवढ्याने भागलं नाही की केबलवाल्याला फोन लावतो. तो म्हणतो, "आमच्याकडून ओके दिसतंय." बऱ्याचदा त्याचं खरंही असतं.

तेव्हा आधी दोष कोणत्या टप्प्यावर आहे ते शोधायचं आणि मग दुरुस्तीला हात घालायचा. पुढचा क्रम फायबरच्या घरगुती जोडणीसाठी आहे, कारण शहरांत आणि आता तालुक्याच्या गावांतही घरात येणारी लाइन बहुतेक तीच असते. सामान फारसं लागत नाही. दोन-तीन मीटरची चांगली लॅन केबल, लॅन पोर्ट असलेला लॅपटॉप आणि आकडे लिहायला वही. लॅपटॉपला पोर्ट नसेल तर यूएसबीचा अ‍ॅडाप्टर मिळतो, फक्त तो यूएसबी ३चा घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदलण्याआधी व नंतर मोजा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि नेट सुधारलं, तर कशामुळे सुधारलं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

## पहिली पाच मिनिटं

कंपनीचं अ‍ॅप उघडून प्लॅनची मुदत पाहा. हसू नका. प्रीपेड प्लॅन रात्री संपतो, डब्यावरचे बाकीचे दिवे नेहमीसारखे हिरवे राहतात आणि सकाळी सगळं घर राउटरला बोल लावतं. त्याच अ‍ॅपमध्ये महिन्याचा वापरही दिसतो. 'अमर्यादित' म्हणून विकलेल्या प्लॅनलाही बहुधा मर्यादा असते. बऱ्याच प्लॅनमध्ये ती ३३०० जीबी असते आणि साधारण घर तिथवर पोचत नाही. स्वस्त स्थानिक प्लॅनमध्ये ती बरीच कमी असू शकते आणि ओलांडली की स्पीड एकदम दोन-चार एमबीपीएसवर (सेकंदाला मेगाबिट) येतो. जानेवारी २०२३ पासूनच्या सरकारी व्याख्येप्रमाणे २ एमबीपीएसलाही 'ब्रॉडबँड' म्हणतात, त्यामुळे त्या शब्दाच्या आधारावर भांडण जिंकता येणार नाही.

मग आकड्यांचा घोळ. प्लॅन मेगाबिटमध्ये विकला जातो आणि डाउनलोडच्या खिडकीत मेगाबाइट दिसतात. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या लाइनवर फाइल सेकंदाला बारा-साडेबारा मेगाबाइटने उतरत असेल तर लाइन पूर्ण चालते आहे, तक्रारीला जागा नाही.

आता दोन प्रश्न विचारा. सगळ्याच उपकरणांवर त्रास होतोय की एकाच? सगळंच अडतंय की एखादीच साइट? एकाच फोनवर त्रास असेल तर त्या फोनचं बघा: व्हीपीएन चालू राहिलंय का, बॅटरी सेव्हर लागलाय का, पार्श्वभूमीत अपडेट उतरतायत का. एखादीच साइट किंवा बँकेचं अ‍ॅप अडत असेल तर फोन मोबाइल डेटावर घेऊन तेच उघडून पाहा. तिथेही नाही उघडलं तर तुमच्या नेटचा काही संबंध नाही.

क्रिकेटच्या वेळी एक तक्रार हमखास येते. शेजारच्या घरातून सिक्सरचा आरडाओरडा आधी ऐकू येतो आणि आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून धावतच असतो. याचा नेटच्या स्पीडशी संबंध नाही. स्ट्रीमिंगमध्ये चित्राचे छोटे तुकडे करून ते आधी साठवले जातात, नंतर दाखवले जातात. तेवढा उशीर ३०० एमबीपीएसवरही राहतोच.

## डब्यावरचे दिवे वाचा

फायबर ज्या डब्यात शिरते त्याला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. काही घरांत वायफाय त्याच डब्यातून येतं, काहींत त्याला वेगळा राउटर जोडलेला असतो. दिव्यांपैकी तीन महत्त्वाचे.

एलओएस हा दिवा विझलेला असला पाहिजे. तो लाल लागला किंवा लुकलुकला, तर फायबरमधून प्रकाशच येत नाही: केबल तुटली आहे, सुटली आहे किंवा पार वाकली आहे. हजारदा रिस्टार्ट करूनही उपयोग नाही, थेट तक्रार नोंदवा.

पॉन हा दिवा स्थिर हिरवा हवा. तो लुकलुकत राहिला तर प्रकाश येतोय, पण कंपनीकडच्या यंत्राशी ओळख पटत नाही. कधी प्रकाश कमजोर असतो, तर कधी कंपनीने नवा डबा त्यांच्या यंत्रणेत नीट चढवलेला नसतो.

इंटरनेटचा दिवा लाल किंवा बंद आणि पॉन मात्र स्थिर, असं असेल तर फायबर ठीक आहे. अडलंय ते लॉगिन, रिचार्ज किंवा कंपनीचा सर्व्हर.

रिस्टार्ट करायचाच तर स्विच बंद करून अर्धा मिनिट थांबा, आधी ओएनटी चालू करा, त्याचे दिवे स्थिर झाले की मग राउटर. पण मागच्या बारीक भोकात पिन खुपसू नका. त्याने डबा कारखान्यातून आला होता तसा कोरा होतो, आणि कंपनीने आत भरलेलं युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन (कंपनीच्या जाळ्यातल्या वाटेचा क्रमांक) पुसले जातात. मग माणूस येईपर्यंत घर नेटशिवाय बसतं.

## लॅन केबलची चाचणी

एवढं सगळं वाचायचा कंटाळा असेल तर निदान ही पायरी तरी करा, कारण तुमचा दोष आणि कंपनीचा दोष इथेच वेगळे होतात.

बाकी सगळी उपकरणं वायफायवरून काढा. लॅपटॉपचं वायफाय बंद करा. लॅन केबलने तो थेट ओएनटीला जोडा आणि स्पीडटेस्ट करा. फास्ट डॉट कॉमवर किंवा क्लाउडफ्लेअरच्या चाचणीवरही एकदा पाहा, कारण बऱ्याच कंपन्यांच्या जाळ्यातच स्पीडटेस्टचा सर्व्हर बसवलेला असतो आणि तिथला आकडा गोड येतो. फास्ट डॉट कॉम नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजतं. मग लगेच, त्याच जागी उभं राहून, वायफायवर तीच चाचणी करा.

लॅनवर प्लॅनइतका स्पीड आला आणि वायफायवर निम्मा किंवा त्याहून कमी, तर कंपनीला फोन करू नका. पुढचा वायफायचा भाग तुमच्यासाठी आहे. लॅनवरही कमी आला तर फायबरच्या भागाकडे जा.

एक फसवा आकडा ओळखून ठेवा. प्लॅन २०० किंवा ३०० एमबीपीएसचा असून लॅनवर नेमके ९३ ते ९५ येत असतील, कितीही वेळा मोजलं तरी तेवढेच, तर कुठेतरी १०० मेगाबिटचा पोर्ट किंवा खराब केबल आहे. फुकटात मिळालेल्या अनेक डब्यांचे लॅन पोर्ट १००चेच असतात. गिगाबिटला (१००० मेगाबिटला) केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात. एक तार जरी तुटली तरी जोडणी गुपचूप १००वर उतरते. आधी केबल बदला, मग डब्यावरच्या पोर्टची क्षमता विचारा. स्मार्ट टीव्हीतही बहुधा १००चाच पोर्ट असतो, पण तिथे चिंता नको: फोर-के चित्राला नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस मागतं, फुल एचडीला ५.

स्पीडसोबत स्थिरताही तपासा. त्यासाठी पिंग वापरायचं: छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते त्याने कळतं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा. इंग्रजी अक्षरांत 'पिंग' लिहा, एक जागा सोडा, राउटरचा पत्ता टाका, पुन्हा जागा सोडून शेवटी डॅश आणि टी जोडा. पत्ता राउटरच्या तळाशी चिकटपट्टीवर असतो, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. दुसऱ्या खिडकीत त्याच पद्धतीने ८.८.८.८ ला (हा गूगलचा सर्व्हर) पिंग लावा. दोन्ही पंधरा-वीस मिनिटं चालू द्या, कंट्रोल आणि सी दाबून थांबवा. आता लॅनवर नाही, नेहमीच्या वायफायवर, नेहमी बसता त्याच खुर्चीत बसून.

राउटरपर्यंतचा आकडा एक ते पाच मिलिसेकंद असावा. तोच मधूनमधून पन्नास-शंभरवर उडत असेल किंवा 'टाइम्ड आउट' येत असेल तर दोष तुमच्या चार भिंतींच्या आत आहे. राउटरपर्यंत सगळं शांत आणि ८.८.८.८ कडे जाताना पाकिटं (माहितीचे छोटे तुकडे) गळतात, तर दोष बाहेर. मुंबई-पुण्यात चांगल्या लाइनवर हा दुसरा आकडा सहसा एकेरी किंवा दहा-वीसच्या घरात असतो.

## वायफाय: बहुतेक घरांचं दुखणं इथेच

लाइन टाकायला आलेला माणूस सगळ्यात कमी केबल लागेल तिथे डबा बसवतो: दाराच्या वर, चपलांच्या रॅकशेजारी, नाहीतर टीव्हीच्या मागे. त्याचा दोष नाही, त्याला दिवसात अशी बरीच घरं उरकायची असतात. पण दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये दारापासून मागच्या खोलीपर्यंत दोन-तीन भिंती येतात आणि मध्ये लोखंडी कपाट असतं. लोखंडी कपाट आणि मोठा आरसा या वायफायच्या वाटेतल्या सगळ्यात वाईट वस्तू. त्यानंतर माशांची टाकी, मग आरसीसीचा कॉलम, मग विटांची भिंत. कोकण-गोव्याकडच्या चिऱ्याच्या जाड भिंती असतील तर शेजारच्या खोलीत सिग्नल पोचला तरी पुष्कळ झालं.

म्हणून पहिला उपाय बिनपैशाचा. डबा घराच्या मध्याकडे आणा, जमिनीपासून पाच-सहा फुटांवर ठेवा, कपाटात कोंडू नका. अँटेना उभ्या ठेवा. लहरी अँटेनाच्या टोकातून निघत नाहीत, तिच्या चहूबाजूंनी आडव्या पसरतात, त्यामुळे टोक बेडरूमकडे रोखून काही साधत नाही. वरच्या मजल्यावर पोचायचं असेल तर एक अँटेना आडवी करून पाहा. ओएनटी हलवता येत नसेल तर तो तिथेच राहू द्या आणि लॅन केबल ओढून मध्यावर वेगळा राउटर ठेवा. फायबर स्वतः ओढून हलवू नका.

दुसरी गोष्ट बँडची. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो, भिंती जरा बऱ्या ओलांडतो, पण हळू आहे आणि तिथे सगळ्या इमारतीची गर्दी असते. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात चालतो, म्हणून पापड भाजायला लावले की कॉल अडखळतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे, पण दुसऱ्या भिंतीपाशी दम सोडतो. तुमचा डबा फक्त २.४चा असेल तर इमारतीतल्या गर्दीत तीस-पन्नास एमबीपीएसच्या पुढे फारशी अपेक्षा ठेवू नका, प्लॅन कितीही मोठा असो. अशा वेळी प्लॅन वाढवणं म्हणजे शुद्ध पैसे वाया घालवणं, आणि कस्टमर केअर तेच सुचवतं.

दोन्ही बँड असतील तर राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की उघडतं ते) जाऊन त्यांना वेगळी नावं द्या. एकच नाव असलं की फोन बरेचदा २.४ला चिकटून बसतो. लॅपटॉप, टीव्ही आणि कामाचा फोन ५वर, बल्ब, प्रिंटर आणि स्वस्त कॅमेरे २.४वर, कारण त्यांतल्या बहुतेकांना दुसरा बँड येतच नाही.

चॅनेलचं थोडक्यात. २.४वर १, ६ आणि ११ हेच तीन चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. अँड्रॉइडवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारातलं कुठलंही अ‍ॅप टाकून तिघांत कमी गर्दी कुठे आहे ते पाहा आणि तो हाताने निवडा. 'मोकळा दिसतो' म्हणून ३ किंवा ८ निवडू नका. त्याने दोन्हीकडच्यांचा त्रास होतो आणि त्यांनाही तुमचा. चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, ४० केल्याने गर्दीच्या इमारतीत तोटाच होतो. ५वर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतला एखादा घ्या. मधले ५२ ते १४४ रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. राउटरला रडारची चाहूल लागली, खरी की खोटी, तर तो चॅनेल सोडून पळतो आणि तेवढा वेळ तुमचं नेट जातं.

फोनवरच्या कांड्यांवर विश्वास ठेवू नका. अ‍ॅपमधला डीबीएमचा आकडा पाहा. तो उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५०ला काही म्हणणं नाही. उणे ६७पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५च्या खाली तक्रारी सुरू होतात. घरभर फिरा आणि प्रत्येक खोलीचा आकडा वहीत लिहा. नवा डबा घ्यायचा की नाही हे त्या पानावरून ठरेल.

घ्यायचाच झाला तर क्रम असा. सगळ्यात चांगलं म्हणजे मागच्या खोलीपर्यंत लॅन केबल ओढून तिथे दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे फक्त वायफाय पुरवायला, लावणं. त्याखालोखाल मेश (मिळून एकच वायफाय देणारे दोन-तीन डबे), आणि त्याचेही डबे केबलने जोडता आले तर उत्तम. सगळ्यात शेवटी भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायचा स्वस्त रिपीटर. एकाच बँडचा रिपीटर तेच ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, त्यात स्पीड जवळपास निम्मा होतो. आणि लोक तो जिथे सिग्नल मेलाय तिथे लावतात, जेव्हा तो अर्ध्या वाटेवर, सिग्नल अजून बरा असतो तिथे लावायला हवा. जुना राउटर पडून असेल तर नवा न घेता त्यालाच अ‍ॅक्सेस पॉइंट करा: त्याचा पत्ता बदला, डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याची सोय) बंद करा आणि केबल त्याच्या 'वॅन'मध्ये न लावता 'लॅन' पोर्टमध्ये लावा. केबल कॅट-५ई किंवा कॅट-६ची, अस्सल तांब्याची मागा. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल दुकानात निम्म्या किमतीत मिळते आणि वर्षा-दोन वर्षांत डोकेदुखी होते. जुन्या टेलिफोनच्या पाइपमधून ती ओढता येते, विजेच्या पाइपमधून मात्र ओढू नका. इमारत पुनर्विकासाला गेली असेल तर प्रत्येक खोलीत लॅन पॉइंट आताच लिहून घ्या.

जाता जाता राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादीही बघा. अनोळखी नावं दिसली तर पासवर्ड बदला. साइट उघडायला सुरुवातीलाच वेळ लागतो, पण एकदा उघडली की भराभर चालते, असं असेल तर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) १.१.१.१ किंवा ८.८.८.८ करून पाहा. याने डाउनलोडचा स्पीड वाढत नाही, व्हिडिओ काहीही सांगोत.

## फायबर आणि प्रकाशाची पॉवर

लॅनवरही स्पीड कमी येतोय किंवा दिवसातून दहा वेळा नेट जातंय, तर ओएनटीच्या पानावर 'ऑप्टिकल' किंवा 'पॉन' नावाची जागा शोधा. तिथे 'आरएक्स पॉवर' लिहिलेलं असतं. तुमच्या घरापर्यंत किती प्रकाश पोचतो ते हा आकडा सांगतो. तो कंपनीच्या माणसाला लगेच समजतो आणि ग्राहक मात्र कधी बघत नाही.

एका फायबरवरचा प्रकाश स्प्लिटर (प्रकाश विभागणारा भाग) लावून ३२ किंवा ६४ घरांत वाटलेला असतो, म्हणून तो मुळातच क्षीण असतो. नेहमीच्या जीपॉन (घरगुती फायबरच्या सर्रास प्रकारातल्या) डब्यांना उणे ८ ते उणे २७ डीबीएम या टप्प्यातला प्रकाश चालतो. उणे १५ ते उणे २४ असेल तर निश्चिंत राहा. उणे २५ ते २७ म्हणजे कसंबसं. कोरड्या दिवसात चालेल, पावसात जॉइंटमध्ये पाणी शिरलं की तुटायला लागेल. उणे २८ म्हणजे तक्रार करायलाच हवी. दर ३ डेसिबलला प्रकाश निम्मा होतो, त्यामुळे उणे २१ आणि उणे २७ यांत सहाचा फरक दिसतो पण प्रकाश एक चतुर्थांश झालेला असतो. लाइन नवी असतानाच हा आकडा डब्यावर पेनने लिहून ठेवा. आज उणे २० आहे आणि सहा महिन्यांनी उणे २४ दिसला, तर तो चालण्याजोगा असला तरी मध्ये काहीतरी बिघडलेलं आहे.

घरातल्या घरात तुम्ही एवढं पाहू शकता: दाराच्या फटीत फायबर चेपली जातेय का, कपाट तिच्यावर सरकवलंय का, वाटीपेक्षा लहान वेटोळं करून खिळ्याला टांगलीय का. असेल तर अलगद मोकळी करा आणि आकडा पुन्हा बघा. अनेकदा तेवढ्यानेच दोन-तीन डेसिबल परत येतात. डब्यात शिरणारा हिरवा किंवा निळा कनेक्टर नीट 'टक्' करून बसलाय का ते पाहा. तो काढलात तर टोकाला बोट लावू नका, सदऱ्याला पुसू नका आणि टोकात डोकावू तर अजिबात नका. आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण तो लेसर आहे. हिरवा कनेक्टर निळ्याच्या जागी खोचू नका, दोघांची टोकं वेगळ्या कोनात घासलेली असतात.

घराबाहेरचं काम तुमचं नाही. खांबावरून, झाडावरून, गच्चीच्या कठड्यावरून आलेल्या फायबरला उंदीर, खार, माकड, जेसीबी आणि लटकत्या वायरी कापणारी महापालिका असे पुष्कळ शत्रू असतात. मात्र माणूस आला की त्याच्याकडचं पॉवर मीटर तुमच्यासमोर लावायला सांगा, आणि टेप गुंडाळून तात्पुरता जोड देऊन जात असेल तर मशीनवर स्प्लाइसिंग (फायबरची टोकं वितळवून जोडणं) करून मागा. तात्पुरते जोड पावसाळ्यात सुटतात.

## वीज आणि उन्हाळा

ओएनटीच्या पानावर 'अपटाइम'ही दिसतो, म्हणजे डबा शेवटचा कधी चालू झाला. नेट जाऊन आल्यावर तो पाहा. अपटाइम दहा मिनिटांचा असेल तर डबा आपोआप रिस्टार्ट झाला: वीज डुचमळली, अ‍ॅडाप्टर म्हातारा झाला किंवा डबा तापला. अपटाइम बारा दिवसांचा असून नेट गेलं असेल तर लाइन तपासा. या एका आकड्याने निम्मी भांडणं मिटतात.

अ‍ॅडाप्टर बदलताना व्होल्ट तेच हवेत, बहुतेकदा १२. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. इन्व्हर्टरवर जाताना डबा दर वेळी बंद पडत असेल तर राउटरसाठीचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घ्या, महावितरणच्या देखभालीच्या दिवशीही तो काही तास काढतो. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात माळ्यावर ठेवलेला डबा दुपारी अडखळतो आणि रात्री सुधारतो. त्याला खाली, हवेशीर जागी आणणं एवढाच इलाज.

## स्पीड भरपूर, तरी कॉल अडकतो

घरून काम करणाऱ्यांना हे फार छळतं. स्पीडटेस्टवर शंभर येतात आणि मीटिंगमध्ये आवाज रोबोटसारखा होतो. बहुतेकदा कुणाच्या तरी फोनमधले लग्नाचे फोटो गूगल फोटोजवर चढत असतात किंवा सीसीटीव्ही क्लाउडवर चित्रं पाठवत असतो. वर जाणारी वाट भरली की राउटर पाकिटांची लांब रांग लावतो आणि कॉलची चिमुकली पाकिटं त्या रांगेत, खालापूरच्या टोलनाक्यावर ट्रकांमागे अडकलेल्या अ‍ॅम्ब्युलन्ससारखी उभी राहतात. तपासायला सोपं आहे: ८.८.८.८ला पिंग लावून ठेवा आणि मोठी फाइल ड्राइव्हवर चढवा. दहाचा आकडा दोनशे-तीनशेवर गेला तर निदान पक्कं.

उपाय म्हणून बॅकअप रात्री होईल असं लावा. राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएमची (पाकिटांची रांग आवरण्याची) सोय असेल तर लाइनच्या मोजलेल्या स्पीडच्या ८५-९० टक्क्यांवर मर्यादा घाला. थोडा स्पीड जातो, रांग मात्र लागत नाही. कंपनीच्या डब्यात ही सोय सहसा नसते.

अमेरिकेतल्या सर्व्हरवर काम करणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पुण्याहून कॅलिफोर्निया सुमारे १३ हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन किमान १३० मिलिसेकंद, आणि केबल सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात दोनशेच्या वर. कुठलाही प्लॅन घेऊन हे कमी होत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये लाल समुद्रात जेद्दाहजवळ केबल तुटल्या, तेव्हा भारतातून पश्चिमेकडे जाणारं नेट रेंगाळलं होतं. देशातलं सगळं सुरळीत आणि परदेशातलंच हळू, असं झालं की एखादी बातमी शोधा आणि राउटरला सोडून द्या.

## रात्री आठ ते अकरा

सकाळी सहाला लॅनवर शंभर आणि रात्री नऊला पंधरा, असं रोज होत असेल तर तुमच्या घरात शोधण्यासारखं काही उरलं नाही. कंपनीने जेवढी क्षमता विकत घेतलीय त्यापेक्षा जास्त ग्राहक जोडले आहेत. आठवडाभर दोन्ही वेळचे लॅनवरचे आकडे तारखेसह लिहा, स्क्रीनशॉट ठेवा. इमारतीतल्या दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला त्याच वेळी चाचणी करायला सांगा. तेवढ्याने कंपनी बदलायची की नाही ते ठरतं.

## तक्रार कशी करावी

"नेट स्लो आहे" असं सांगाल तर "राउटर रिस्टार्ट करा" हेच ऐकाल. असं सांगा: "लॅनवर तीन दिवस रात्री नऊला १५ एमबीपीएस येतायत, प्लॅन १००चा आहे, आरएक्स पॉवर उणे २८ आहे, पूर्वी उणे २१ होती." समोरचा सूर बदलतो. केबलवाल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकला म्हणजे तक्रार झाली असं समजू नका. कंपनीच्या अ‍ॅपवर किंवा नंबरवर नोंदवून डॉकेट नंबर (तक्रार क्रमांक) घ्या. तो नसेल तर पुढे कुणी दाद देत नाही.

मुदतीत काम झालं नाही किंवा न करताच तक्रार बंद केली, तर प्रत्येक कंपनीला ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांनुसार अपील प्राधिकरण ठेवावं लागतं. तिथे तीस दिवसांच्या आत अपील करा. अपिलाला शुल्क नाही आणि ते ३९ दिवसांत निकाली काढायचं असतं. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तेव्हा तिथे पत्र पाठवून वेळ घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दूरसंचार सेवेचा उल्लेख आहे, त्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही मोकळा आहे. लाइन बरेच दिवस बंद राहिली असेल तर तेवढ्या दिवसांची भाड्यातली सूट मागा. न मागता क्वचितच मिळते.

कंपनी बदलायची ठरली तर नवी लाइन चालू होऊन आठवडा जाईपर्यंत जुनी तोडू नका. नवी फायबर कोणत्या खांबावरून येणार ते आधी विचारा. दोघांच्या केबल एकाच खांबावर एकाच जुडग्यात असतील तर जेसीबी दोन्ही एकदम तोडेल. सहा महिने किंवा वर्षाचं भाडं आगाऊ भरून मिळणारी सवलत पहिल्या महिन्यात तरी घेऊ नका, आधी एक महिना रात्री नऊचे आकडे बघा. जुना ओएनटी आणि अ‍ॅडाप्टर परत करताना अनुक्रमांक लिहिलेली पावती घ्या, अनामत रक्कम तिच्याशिवाय परत मिळत नाही.